पुलावरची बेबाबाई

"हेमलता, च्या ठेवी दे व!"

आतल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसलेल्या हेमलताने डोळे मिटले, उघडले. पडद्यावर शेवटचा किल्ला होता. त्याच्या दाराशी काळ्या घोड्यावरचा राजा होता आणि तिची माणसं त्याच्यापासून तीन घरं लांब होती. घरं म्हणजे चौकोन. बुद्धिबळासारखे.

"ठेवते, आई."

"साखर कमी."

"हो, आई."

"आनि दार वाजी ऱ्हायनं, देख."

दारात सिलिंडरवाला होता. तो जाईपर्यंत दूध उतू गेलं होतं. ओटा पुसेपर्यंत दाळमिलमधून नवऱ्याचा, किरणचा, फोन: "माझा निळा शर्ट धोब्याकडे गेला का?" शर्ट पलंगाखाली निघाला. सासूबाईंचा, म्हणजे झुंबरबाईंचा, चहा त्यांच्या हातात ठेवून हेमलता परत खुर्चीवर आली तेव्हा काळ्या घोड्यावरचा राजा तलवार उपसून जिथे होता तिथेच होता.

एवढ्यासाठीच तिला हा खेळ आवडायचा.

दोंडाईच्याच्या त्या गल्लीत थांबणारं असं दुसरं काही नव्हतं. नळ थांबायचा नाही. कुकर थांबायचा नाही. सासूबाई तर नाहीच. टीव्हीवरची मालिकासुद्धा भाकरी उलटायला उठलं की पुढे निघून जायची, आणि मागे काय झालं विचारलं की सासूबाई सांगायच्या, "काही नही, रडनी ती." या खेळात मात्र आधी तुमची पाळी, मग शत्रूची. तुमच्या पाळीत तुम्ही हवं तर धुणं वाळत घालून या, भाजी निवडून या, सगळ्या घराशी भांडून या. तो उभा.

खेळ तेजसने आणून दिलेला. तेजस म्हणजे तिचा मुलगा, नाशिकला इंजिनिअरिंगला. जाताना जुना कॉम्प्युटर इथेच टाकून गेला, कारण त्याच्यावर नवं काही चालत नव्हतं. पहिल्या सुट्टीत त्याने आईला मित्राच्या लॅपटॉपवर एक नवा खेळ दाखवला. सगळं खरंखुरं: धूर, पाणी, दाढीचे केससुद्धा. हेमलताने कुठलं बटण दाबायचं ते शोधेपर्यंत तिचा माणूस मेला. दुसऱ्यांदाही मेला.

"मम्मी, पळायचं असतं!"

"अरे, दिवसभर पळतेच आहे की!"

मग त्याने हा दिला. सेलमध्ये मिळाला, शेवभाजीच्या एका प्लेटपेक्षा स्वस्त. "जुन्या घाटणीचा आहे," तो जरा ओशाळून म्हणाला, "चित्रं भंगार आहेत." होतीच. माणसं वाटाण्याएवढी, झाडं सगळी एकसारखी, नदी म्हणजे निळी पट्टी. पण हेमलताला त्यात सगळं दिसायचं. कोण किती घरं चालतो, कोणाचा घाव कोणाला लागतो, सगळं समोर मांडलेलं. मध्ये जाहिरात नाही, नेट लागत नाही. हरलात तर चूक तुमची, आणि ती कुठे झाली तेही दिसतं. लग्नानंतर तिला इतकं स्पष्ट कोणीच काही सांगितलं नव्हतं.

खेळात बारा जणांची फौज मिळायची. प्रत्येकाचं नाव, प्रत्येकाची कला. लढता लढता ती शिकत जायची, ताकद वाढत जायची. नावं मात्र कुठल्या तरी परदेशातली, हेमलताच्या जिभेला एकही वळेना. "ते बदलता येतं," तेजस म्हणाला आणि गाडी पकडायला निघून गेला. हेमलताने बदलली. गल्लीतल्या बायकांचीच दिली, ती लक्षात ठेवावी लागत नाहीत म्हणून. जखमा बऱ्या करणारी म्हातारी झाली ZUMBAR, कारण घरात कोणालाही शिंक आली की सासूबाईंचा काढा तयार. घोड्यावरून टपटप करत कुठेही पोचणारी झाली RATNA. ती समोरच्या घरातली सून. गल्लीतली बातमी तिच्याआधी कुणाकडे पोचत नसे. आणि लोखंडात मढवलेला, चालायला जड पण एकदा रस्त्यात उभा राहिला की हलवता न येणारा जो गडी होता, त्याचं नाव BEBA.

बेबाबाई तीन घरं सोडून राहायची. साठीची, रुंद खांद्यांची. उन्हाळ्यात गल्लीभर बिबडे, म्हणजे ज्वारीचे मोठे पापड, होत, आज एकीकडे तर उद्या दुसरीकडे, तेव्हा ज्वारीचा घाटा हटायला तीच लागायची. चुलीवरच्या मोठ्या पातेल्यात लाकडी हाट्याने तो जाड घाटा सारखा हलवायचा असतो. हात थांबला की बुडाला लागला, आणि बुडाला लागला की सगळा करपट. अर्ध्या तासात दुसरीचे दंड भरून यायचे. बेबाबाई हटताहटता चार घरांच्या भानगडी सांगायची. गडी म्हणून हेमलताला दुसरं कोण आठवणार?

किरणने एकदा मागून डोकावून विचारलं होतं, "यात मी कोण?"

"तो दुकानदार. दर लढाईआधी येतो, महाग विकतो आणि निघून जातो."

तो परत डोकावला नाही.

या खेळात मेलेलं माणूस मेलंच. पुढच्या लढाईला येत नाही. तशी पळवाट होती: प्रत्येक लढाईच्या आधीचा डाव खेळ आपोआप जपून ठेवतो, तो उघडायचा की मेलेला परत जिवंत. तेजसने ते शिकवलंही होतं. हेमलताने कधी वापरलं नाही. "मग मरण्याला अर्थ काय?" ती म्हणाली. "मागे जाता आलं असतं तर मीही बीएस्सीचं दुसरं वर्ष सोडलं नसतं."

दिवाळीच्या सुमारास, दगडी पुलावरच्या लढाईत BEBA मेली. चूक हेमलताचीच. शत्रूचे तिरंदाज किती लांब मारतात ते बघायच्या आधी सासूबाईंनी हाक मारली, आणि येऊन घाईत तिने पाळी संपवली. बाकीची फौज त्या एकीच्या आडोशाने पुलापलीकडे निसटली. यादीत BEBAचा चेहरा काळा झाला, शेजारी छोटं थडगं आलं. हेमलताला दिवसभर चैन पडेना. संध्याकाळी तिने वांग्याचं भरीत केलं, वाटीभर बेबाबाईकडे नेऊन दिलं.

"आज काय शे?" बेबाबाईने विचारलं.

"काही नाही. सहज."

त्यानंतर होळी झाली तरी ती बेबाबाईशिवाय लढत आली. जड गडी नाही, म्हणून दुसऱ्यांना हळूहळू तयार केलं, प्रत्येक वाट लांबची घेतली. आता शेवटचा किल्ला उरला होता. फक्त घरातल्या सगळ्यांनी एक तासभर तोंड मिटायला हवं होतं.

"वहिनी, परात न्यायला आले!"

रत्ना आत शिरलीसुद्धा. हेमलताच्या घरचे बिबडे परवा व्हायचे होते. ज्वारी भिजून, भरडून तयार होती, आणि उद्या ज्या घरी बिबडे होते तिथे परात कमी पडत होती. हेमलताने नेमकी तेव्हाच फौजेची यादी उघडली होती.

"हे काय? RATNA? वहिनी, ही मी?"

"खेळ आहे गं. परात ओट्याखाली आहे."

"घोड्यावर! अगं बाई. आणि ही झुंबरआजी... आणि हे BEBA..." रत्ना वाकली. "हिच्या शेजारी हे काय? थडगं?"

"ते..."

"मेल्या? बेबा अक्का मेल्या?"

"खेळात, रत्ना. खेळात."

रत्ना परात न घेताच गेली.

संध्याकाळी बेबाबाई आली. एकटी नाही. दारात पायताण काढताना तिने हेमलताकडे पाहिलंच नाही. सरळ झुंबरबाईंच्या पलंगापाशी जाऊन उभी राहिली.

"झुंबरबाई, तुनी सूननी माले मारं."

"काय?"

"इच्यार तिले. दिवाईले मारं. अन् त्याच दिवसे भरीत लई उनी व्हती! मी म्हनू, ही आज इतकी मायाळू कसी काय व्हयनी. मनं सुतकनं जेवन मी मिटक्या मारीसन खादं!"

मागच्या बायकांत कुणीतरी हसलं. बेबाबाईने वळून पाहिलं, हसू थांबलं.

"अक्का, तो खेळ आहे," हेमलता म्हणाली. "तुम्ही सगळ्यात ताकदवान होतात म्हणून..."

"म्हनीसन माले पुढे उभी करं?"

"पूल अडवायला दुसरं कोणी नव्हतं."

"ही कोठे व्हती?" बेबाबाईने रत्नाकडे बोट केलं.

"मी घोड्यावर होते," रत्ना म्हणाली. "आणि अक्का, तुम्हाला मिशा आहेत."

"मिश्या?"

झुंबरबाई पलंगावर उठून बसल्या. सुनेची बाजू घ्यायची त्यांना सवय नव्हती, पण घराण्याचा प्रश्न होता. "बेबा, आसं देख. कावया आंगले शिवना म्हंजे आपन 'मरी गयी' आसा खोटा निरोप धाडतस का नही? त्यानी आयुष्य वाढस. तसंच समज."

"कावया शिवाले ते पाहिजे ना पहिले!"

बेबाबाई दाराशी गेली, पायताण घातलं, मग बोलली. "मी जित्ती व्हसू तवय घाटा हटाले येसू. मरेल बाई हटस का घाटा?"

ती गेली. मागोमाग एकेक जण निघाली. रत्ना शेवटी. "वहिनी, मला वाईट वाटतंय," ती म्हणाली आणि या वेळी परात घेऊन गेली.

हेमलता ओट्याशी आली. भिजलेल्या ज्वारीच्या कण्यांचं पातेलं झाकून ठेवलं होतं. तीन पायल्यांची ज्वारी. आंबट वास सुटायला लागला होता. परवाच्या पुढे ती थांबणार नव्हती. ती एकटी काय हटणार, काय थापणार? किरण जेवताना म्हणाला, "मग माफी माग ना." तिने विचारलं, "कशाची?" त्याने भाजी वाढून घेतली.

तिने तेजसला फोन लावला. तो आधी हसला, इतका की तिने फोन कानापासून लांब धरला.

"हसून झालं की सांग."

"सोपं आहे, मम्मी. पुलाच्या आधीचा डाव उघड, त्यांना जिवंत दाखव, बंद कर. परत शेवटचा किल्ला उघडून खेळ."

"एवढंच?"

"एवढंच. पण एकही चाल करायची नाही हं. जुन्या डावात एक जरी चाल केलीस ना, तर त्याच्या पुढचे सगळे डाव खेळ पुसून टाकतो. जुना गेम आहे, त्याची तशी खोड आहे."

"म्हणजे किल्ला जाईल?"

"दिवाळीपासूनचं सगळं जाईल. म्हणून म्हणतो, फक्त दाखव."

दुसऱ्या दिवशी हेमलता बेबाबाईला बोलवायला गेली. बेबाबाई आली, पदर खोचून पडद्यासमोर उभी राहिली. यादीत BEBAचा चेहरा परत उजळला होता. थडगं नव्हतं.

"हाऊ मी?"

"हो."

बेबाबाईने लोखंडाच्या टोपाखालचा तो दाढीवाला चेहरा बराच वेळ पाहिला. "दिसस ते बरा," ती म्हणाली. "येसू मी सकाय."

हेमलताने त्या दिवशी किल्ला उघडला नाही. आधी बिबडे होऊ देत, मग निवांत, असं तिने ठरवलं. निवांत हा शब्द मनात आल्याबरोबर तिला स्वतःचाच राग आला.

बिबड्यांच्या दिवशी उजाडायच्या आत अंगणात चूल पेटली. बेबाबाईने पहिलं पातेलं एकटीने हटलं. तीळ, लसूण, जिरं, मिरची पडली तसा वास गल्लीभर गेला. बायकांनी ओल्या फडक्यांवर गोळे थापले, गच्चीवर जुन्या साड्यांवर गोल गोल बिबडे पडत गेले. मध्येच वाटीत गरम घाटा, वर कच्चं तेल. पहिलं पातेलं संपलं. दुसरं चुलीवर चढलं, रटरटायला लागलं. तेव्हा बेबाबाईने हाटा हातात धरूनच विचारलं:

"हेमलता, मी चालस का व तठे?"

"कुठे?"

"पुलवर. काल ते नुसता फोटू देखाडा तू."

"चालते ना, अक्का. आधी हे पातेलं होऊ द्या."

"नुसता फोटू ते मरेल मानूसनाबी ऱ्हास भितवर," बेबाबाई म्हणाली. "हार घालेल."

सगळ्यांचे हात थांबले. रत्नाने डोळे मोठे केले.

"मी चालस हाई देखाड माले," बेबाबाईने हाटा पातेल्याच्या कडेला टेकवला. "मंग हटस."

घाटा फुगे सोडत होता. हेमलताने हाटा उचलला, दोन फेरे मारले, तिसरा फिरेना. तळाशी काहीतरी धरल्यासारखं झालं.

"लागी जाई," झुंबरबाई खाटेवरून म्हणाल्या.

"दिसतंय मला!" हेमलता ओरडली. हाटा रत्नाच्या हातात कोंबला, हात पदराला पुसत आत गेली. मागोमाग बेबाबाई.

पूल उघडला. निळी पट्टी, तिच्यावर करडी पट्टी, अलीकडे वाटाण्याएवढी फौज. हेमलताने बोट बटणावर ठेवलं. एक चाल. मग काळ्या घोड्यावरचा राजा नाही, किल्ला नाही, हिवाळाभर जपून जपून चाललेली एकही वाट नाही. बाहेरून रत्ना ओरडली, "वहिनी, हे माझ्याने होत नाही!"

हेमलताने बटण दाबलं. BEBA एक घर पुढे सरकली.

"चालनी!" बेबाबाई म्हणाली. तिने टाळी वाजवली. "देख व, चालनी मी!"

"झालं? चला आता."

"थांब ना. आते काय?"

"आता तुम्हाला मागे घेते. झाडाआड. तिथे बाण पोचत नाहीत."

"मांगे?" बेबाबाईचा आवाज बदलला. "मी मांगे काबरं?"

"अक्का, पुढे घातलं म्हणून तर..."

"तू माले न इच्यारता घालं व्हतं. मी मांगे ऱ्हासू अन् हाई रत्ना पुढे? तिले धड घाटा हटता नही येत! चालाव माले पुढे."

"मराल तुम्ही!"

"चालाव!"

हेमलताच्या घशाशी आलं होतं: तुमच्यापायी माझं सगळं गेलं, निदान जगा तरी. पण ते कशाबद्दल आहे हे समजावून सांगायचं तर किल्ल्यापासून सुरुवात करावी लागली असती, आणि बाहेर घाटा लागत होता. तिने दातओठ खात BEBAला पुलावर घातलं. शत्रूची पाळी आली. दोघे भालेवाले धावून आले. BEBAने दोघांना पाडलं. मग पलीकडून बाण सुटले. एक, अजून एक, अजून एक. लोखंडी गडी गुडघ्यावर बसला, आणि चौकोन रिकामा झाला.

"मरनी?" बेबाबाईने विचारलं.

"मेलात."

"किती मारं मी?"

"दोन."

"दोन," बेबाबाईने स्वतःशी मान हलवली. मग कमरेवर हात ठेवून बाहेर अंगणाकडे तोंड केलं आणि गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "दोन गडी पाडीसन मरनी मी!"

"आता परत मागे जायचं का?" हेमलताने विचारलं. तिचा आवाज इतका सपाट होता की बेबाबाईने वळून पाहिलं. "सांगा. आत्ताच सांगा. अजून काही राहिलंय का घालवायचं?"

"मांगे कसाले? मी मनी मर्जीनी गयी ना." बेबाबाईने तिच्या खांद्यावर थोपटलं; खांद्यावर तिळाचे दाणे चिकटले. "चाल, घाटा लागी ऱ्हायना."

ती गेली. क्षणात अंगणात हाटा परत दणक्यात फिरायला लागला. हेमलता पडद्याकडे बघत राहिली. पुलाअलीकडे अकरा जणी उभ्या होत्या. सगळ्या दुबळ्या, सगळ्या दिवाळीआधीच्या. कुणालाच काही शिकवलेलं नव्हतं. या सगळ्यांना परत तयार करायचं. पुन्हा तीच जंगलं, तेच घाट, पुन्हा चहा, पुन्हा सिलिंडर.

दारात हालचाल झाली. रत्ना, ओल्या हातांची, आणि तिच्या मागे अजून दोघी.

"वहिनी, ऐका ना," रत्ना म्हणाली. "मला घोड्यावरून उतरवा. मलाही पुढे घाला."

"अन् माले कोठे ठेयेल शे?" मागची एक मान उंचावून म्हणाली.

बाहेरून झुंबरबाईंचा आवाज आला, "मी बी शे का व त्यामा? माले बी देखाड!"

हेमलताने खुर्ची सर्रकन मागे ढकलली आणि उभी राहिली.

"एकीनेही तोंड उघडायचं नाही!" ती म्हणाली. एवढ्या मोठ्याने ती त्या घरात कधी बोलली नव्हती. हाटासुद्धा थांबला. "सगळ्यांनी गच्चीवर जा. बिबडे उलटा. माझी पाळी आहे!"

बायका एकमेकींकडे बघत जिन्याकडे निघाल्या. जिन्यावरून रत्नाची कुजबूज खाली आली, "बहुतेक मलाच घालणार आहे पुढे."